कण्याची इजा आणि उचलणारे हात

सास्तूर हे धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणेच्या खोऱ्यातले गाव. आज ते लोहारा तालुक्यात मोडते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी या भागात भूकंप झाला. गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव त्या दिवशी जगभर पोचले, पण सास्तूरही सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी एक होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. सरकारी आकडेवारीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे दगावली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. पुढे पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. सास्तूरमध्ये आज 'स्पर्श' ग्रामीण रुग्णालय आहे.

या भूकंपाविषयी भूगर्भाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात आपण दुसऱ्या बाजूने पाहणार आहोत. घर कोसळते तेव्हा माणसाच्या पाठीच्या कण्याचे काय होते, आणि त्यानंतर जे लोक त्याला उचलतात त्यांच्या हातात नेमके काय असते?

प्रथम एक साधे गणित. त्या भागातील जुनी घरे जाड दगडी भिंतींची होती. दगड मातीच्या चिखलात रचलेले. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे माळवद. घर उन्हाळ्यात थंड राहावे व पावसात गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढवली जाई. मातीचा थर अर्धा मीटर आहे असे धरू. एक घनमीटर मातीचे वस्तुमान सुमारे १६०० किलोग्रॅम असते. म्हणजे छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर ८०० किलोग्रॅम, आणि तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा लहानशा खोलीवर ७२०० किलोग्रॅम, म्हणजे सात टनांहून अधिक बोजा. हा बोजा झोपलेल्या माणसांवर आला.

पहिल्या काही तासांत बाहेरची मदत पोचली नव्हती. ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी, नातलगांनी, हातांनी आणि टिकावांनी. वर पाऊस. असे प्रत्येक मोठ्या अपघातात होते. कण्याला इजा झालेल्या माणसाला पहिला स्पर्श क्वचितच डॉक्टरचा असतो. तो शेजाऱ्याचा, वाटसरूचा किंवा विद्यार्थ्याचा असतो. म्हणूनच हा विषय वैद्यकाच्या पुस्तकात ठेवून भागत नाही, तो शाळेत यायला हवा.

खांब आणि त्यातली दोरी

आपण 'कणा' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. एक हाडांचा खांब आणि दुसरी त्या खांबाच्या पोकळीतून जाणारी चेतातंतूंची दोरी.

खांब मणक्यांचा बनलेला आहे. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४, असे बालकात ३३ मणके असतात. मोठेपणी त्रिकास्थीचे पाचही जुळून एक हाड होते, माकडहाडाचेही तसेच, त्यामुळे प्रौढ माणसात स्वतंत्र हाडे २६ उरतात. सुट्या मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात. बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर, अशी त्यांची रचना असते. दिवसभराच्या भाराने या चकत्यांतील थोडे पाणी बाहेर पडते व रात्री झोपेत परत शिरते. सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी अशी दोनदा उंची मोजली तर एक-दीड सेंटिमीटरपर्यंत फरक सापडू शकतो. विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा असा हा प्रयोग आहे. मोजताना टाचा, पाठ व डोके भिंतीला टेकलेले असावे.

प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूस हाडाची कमान असते. सर्व कमानी एकावर एक आल्या की एक नळी तयार होते. तिच्यातून मज्जारज्जू जातो. शालेय पुस्तकात यालाच मेरुरज्जू म्हटलेले आढळते. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी साधारण करंगळीएवढी असते. एवढ्या दोरीतून मेंदूचे सर्व हुकूम धडाला व हातापायांना जातात, आणि स्पर्श, वेदना, तापमान यांच्या बातम्या वर येतात. तिच्यातून चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात.

खांबाची लांबी आणि दोरीची लांबी सारखी नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. वाढीच्या वयात हाडांचा खांब दोरीपेक्षा जास्त वाढतो. त्यामुळे मोठेपणी मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नळीत फक्त सुट्या चेता लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारख्या. प्रसूतीच्या शस्त्रक्रियेपूर्वी पाठीत जे भुलीचे इंजेक्शन देतात ते याच खालच्या भागात. सुई जिथे शिरते तिथे मज्जारज्जू नसतोच. त्या इंजेक्शनने कण्याची दोरी दुखावते आणि पाठ जन्मभर दुखते, ही घरोघरी ऐकू येणारी समजूत शरीररचनेच्या या एका गोष्टीने दूर करता येते.

कुठे मोडतो, काय जाते

छातीच्या भागातील मणके फासळ्यांनी जखडलेले असतात. कमरेचे मणके मोकळे असतात. ताठ भाग आणि लवचीक भाग जिथे मिळतात तिथे ताण एकवटतो. उसाचे कांडे पेराजवळ मोडते किंवा छत्रीची काडी सांध्याशी वाकते, तसेच हे. म्हणून छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका या जोडावर अस्थिभंग वारंवार आढळतात. भूकंपात अंगावर भिंत पडणे, विहिरीत किंवा झाडावरून पडणे, बांधकामाच्या परातीवरून घसरणे, या सर्वांत हा जोड धोक्यात येतो. मानेचे मणके त्याहून लहान आणि अधिक हलते असतात, आणि वर डोक्याचे वजन असते. मोटारसायकलचे अपघात, उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणे आणि डोक्यावर भारा असताना तोल जाऊन पडणे, यांत मान दुखावते.

इजा जितकी वर, तितके नुकसान जास्त, हा सोपा नियम लक्षात ठेवावा. श्वासपटलाला हुकूम देणारी चेता मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या भागातून निघते. त्याच्या वर मज्जारज्जू पूर्ण तुटला तर श्वासच थांबतो. मानेच्या खालच्या भागात इजा झाली तर श्वास चालतो, पण हात कमीअधिक प्रमाणात आणि पाय पूर्ण लुळे पडतात. छातीच्या भागात इजा झाली तर हात शाबूत राहतात, पाय जातात. मूत्राशय आणि आतड्याच्या शेवटच्या भागाचे नियंत्रण सर्वांत खालच्या भागातून होते, त्यामुळे इजा वर कुठेही झाली तरी लघवी व शौच यांवरचा ताबा बहुधा जातो.

येथे पाठ्यपुस्तकातील प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा उपयोगी पडतो. तव्याला हात लागताच तो मागे येतो, तेव्हा निर्णय मज्जारज्जूतच होतो, मेंदूला बातमी मागाहून कळते. इजेनंतर काही दिवस-आठवडे इजेखालच्या या क्रियाही बंद पडतात. नंतर त्या परत येतात. पायाला स्पर्श झाला की पाय उडतो, गुडघा झटका देतो. घरच्यांना वाटते, पाय सुधारला. काही जण याच काळात औषध सोडून अंगारे-धुपारे किंवा मालिशवाल्याकडे वळतात आणि आलेला गुण त्यांच्या नावावर जमा होतो. प्रत्यक्षात पायापासून मज्जारज्जूपर्यंत आणि परत, एवढा छोटा वळसा शाबूत असतो म्हणून पाय उडतो. मेंदूकडे जाणारी वाट बंदच असते. माणसाने मनाने ठरवून अंगठा हलवला, किंवा डोळे मिटून कुठे स्पर्श झाला ते सांगितले, तर ती खरी सुधारणा.

इजेचे दोन हप्ते

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे आल्फ्रेड रेजिनाल्ड अॅलन या वैद्याने १९११ मध्ये कुत्र्यांवरील काही प्रयोग प्रसिद्ध केले. भूल दिलेल्या प्राण्याचा मज्जारज्जू उघडा करून त्यावर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचे, म्हणजे आघात ग्रॅम-सेंटिमीटरमध्ये मोजता येई. त्यांना दिसले की आघातानंतर मज्जारज्जूला मध्यावर उभी चीर देऊन आत साचलेले रक्त व द्रव बाहेर काढला, तर सारख्याच आघातानंतर प्राणी अधिक बरे होतात.

याचा अर्थ मोठा होता. सारे नुकसान आघाताच्या क्षणीच झाले असते, तर नंतर काही केल्याने फरक पडायला नको होता. फरक पडला, म्हणजे काही नुकसान आघातानंतर होत होते. अॅलन १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात मारले गेले, पण त्यांचा विचार टिकला. आज मज्जारज्जूची इजा दोन हप्त्यांत होते असे मानले जाते.

पहिला हप्ता क्षणाचा. मणका मोडतो, सरकतो आणि दोरीला चेचतो. बहुतेक वेळा दोरी दोन तुकड्यांत तुटत नाही, ती चेचली जाते आणि कडेचे काही तंतू शिल्लक राहतात.

दुसरा हप्ता मिनिटांपासून आठवड्यांपर्यंत चालतो. लहान रक्तवाहिन्या फुटतात. सूज येते, पण हाडाच्या नळीत फुगायला जागा नसते, त्यामुळे दाब वाढून रक्तपुरवठा आणखी घटतो. मेलेल्या पेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडते. एरवी ते संदेशवहनाचे रसायन, पण जास्त झाले की शेजारच्या पेशींत कॅल्शियम भराभर शिरते आणि त्या मरतात. मग दाहाच्या पेशी येतात. इजेचा ठिपका असा पसरत जातो. त्यात रक्तदाब उतरला किंवा प्राणवायू कमी पडला तर वेग वाढतो. आणि मोडलेला मणका हलता राहिला, माणसाला बसवले, पाठुंगळी घेतले, बैलगाडीत गाठोड्यासारखे टाकले, तर पहिला हप्ताच पुन्हा पुन्हा वसूल होत राहतो.

पहिल्या हप्त्यावर कोणाचाच इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, आणि त्यातला पहिला वाटा उचलणाऱ्या माणसांचा आहे.

दुसरा हप्ता औषधाने थोपवण्याचे प्रयत्न झाले. १९९० मध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने फायदा होतो असा निष्कर्ष एका अमेरिकी चाचणीतून निघाला आणि ते जगभर दिले जाऊ लागले. पुढे आकडेवारी पुन्हा तपासली गेली. फायदा शंकास्पद आणि जंतुसंसर्गासारखे धोके खरे, असे दिसल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेतील चेताशल्यतज्ज्ञांच्या संघटनांनी ते देऊ नये अशी शिफारस केली. शक्य तेव्हा २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून दोरीवरचा दाब काढणे, रक्तदाब व प्राणवायू सांभाळणे, यांवर आज भर आहे. विज्ञानात मत बदलते ते असे, मोजमाप करून.

दोरी पुन्हा का सांधत नाही?

विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. बोट कापले आणि चेता तुटली, तर ती पुन्हा वाढते, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने. मग मज्जारज्जूतील तंतू का वाढत नाहीत?

स्पेनचे सांतियागो रामोन ई काहाल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की तुटलेले तंतू वाढण्याचा प्रयत्न करतात आणि सोडून देतात. दोष तंतूत की परिसरात? याचे उत्तर १९८१ मध्ये कॅनडात माँट्रियल येथे सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट आग्वायो यांनी दिले. त्यांनी उंदरांच्या पायातील चेतेचा तुकडा काढून मज्जारज्जूला जोडला. एरवी जराही न वाढणारे तंतू त्या तुकड्यातून काही सेंटिमीटर वाढत गेले. म्हणजे बी चांगले होते, जमीन प्रतिकूल होती. मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणात वाढ रोखणारी प्रथिने असतात, असे नंतर स्वित्झर्लंडमधील मार्टिन श्वाब यांनी दाखवले. शिवाय इजेच्या जागी आधारपेशींचा जाड व्रण तयार होतो. हे अडथळे दूर करण्याचे संशोधन अजून चालू आहे. मज्जारज्जूवर विद्युत्‌अग्रे बसवून शिल्लक तंतूंना चेतवण्याच्या प्रयोगांनी गेल्या दीड दशकात काही रुग्णांना उभे राहणे व आधाराने पावले टाकणे साधले आहे. पण तुटलेली दोरी सांधणारे, सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही. तसे सांगून मूलपेशींचे महागडे उपचार विकणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे.

गुटमन यांचे काम

औषध नसतानाही विसाव्या शतकात या रुग्णांचे आयुष्य पार बदलून गेले. हा बदल ज्यांनी घडवला ते लुडविग गुटमन. त्यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी, तेव्हा जर्मनीत असलेल्या आणि आज पोलंडमध्ये असलेल्या टोस्ट गावी झाला. १९१७ मध्ये रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करताना त्यांनी पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार पाहिला. त्याच्यावर वेळ घालवू नकोस, तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, असे त्यांना सांगण्यात आले. तसेच झाले. तो काळच तसा होता. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले.

गुटमन पुढे चेताशल्यतज्ज्ञ झाले. ज्यू असल्यामुळे १९३९ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. ऑक्सफर्ड येथे त्यांनी चेतांच्या इजांवर संशोधन केले. घामाने रंग बदलणारी क्विनिझारीनची पूड त्वचेवर पसरून कोणत्या भागाला चेता पोचते आणि कोणत्या नाही, याचा नकाशा काढण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये लंडनच्या वायव्येस स्टोक मँडेव्हिल येथे कण्याच्या इजांचे स्वतंत्र केंद्र त्यांच्या हाती आले.

त्यांनी प्रथम विचारले, ही माणसे नेमकी कशाने मरतात? तुटलेल्या मज्जारज्जूने नव्हे. ती मरत होती पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गाने. दोन्ही टाळता येण्याजोगी कारणे.

पाठीच्या जखमा, म्हणजे शय्याव्रण, समजून घेण्यास दाबाचे सूत्र पुरे. त्वचेतील केशवाहिन्यांत रक्ताचा दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून हा दाब सुमारे ४३.५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजेच प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४४ ग्रॅम. आता समजा, बसलेल्या माणसाचे ४० किलोग्रॅम वजन २०० चौरस सेंटिमीटरवर पडले. दाब झाला २०० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, चौपटीहून अधिक. तिथला रक्तप्रवाह थांबतो. आपल्याला मुंग्या येतात, दुखते, आपण नकळत कूस बदलतो. ज्याला संवेदनाच नाही तो तसाच पडून राहतो आणि काही तासांत कातडी मरू लागते. माकडहाड, टाच, कुल्ला, जिथे हाड कातडीलगत असते तिथे जखम होते, पुढे ती हाडापर्यंत जाते.

गुटमन यांनी जुन्या प्लास्टरच्या बैठका काढून टाकल्या. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाला कुशीवर वळवायचे असा नियम केला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला रात्री स्वतः फेरी मारली. मूत्रनलिका घालताना कडक निर्जंतुकता आणली. माणसे जगू लागली. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जगून करायचे काय? म्हणून कामाच्या कार्यशाळा सुरू झाल्या आणि खेळ सुरू झाले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जणांनी चाकाच्या खुर्चीतून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्या स्पर्धांतून १९६० मध्ये रोम येथे जे क्रीडासामने भरले, तेच पहिले पॅरालिंपिक म्हणून गणले जातात.

महाराष्ट्रातील धागा

हा धागा महाराष्ट्रातही पोचतो. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली आणि कमरेखालचा भाग अधू झाला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांच्या विक्रमी वेळेसह सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक प्रकारातील भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून अशा जवानांसाठी अधरांगघात पुनर्वसन केंद्र चालते. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पण खेड्यात परतलेल्या रुग्णाचे रोजचे दोन तासांचे वळवणे कोणतीही संस्था करत नाही. ते आई, बायको, मुलगी करते. त्यांना त्यामागचे दाबाचे गणित कोणी समजावले, तर 'गादी मऊ आहे, आज नाही वळवले तर चालेल' असे होत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

प्लास्टिकच्या नळीचे दोन-दोन सेंटिमीटरचे बारा तुकडे घ्या. हे मणके. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कड्या कापा. या चकत्या. तुकडे आणि कड्या आलटून पालटून रचा आणि बाहेरून तीन बाजूंनी कापडी चिकटपट्टीच्या पट्ट्या लावा. हे अस्थिबंध. आत मळलेल्या कणकेची लांब वळकटी हलकेच सरकवा. हा मज्जारज्जू. आता मधल्या एका जागी पट्ट्या कापा. हा अस्थिभंग.

एका गटाने नळीची दोन्ही टोके धरून ती उचलावी. दुसऱ्या गटाने खाली सपाट फळी सरकवून, चार हातांनी एकाच वेळी ती कडेवर लोळवून फळीवर घ्यावी. मग कणीक बाहेर काढून तुलना करा. पहिल्या गटाची वळकटी कापलेल्या जागी चेपलेली किंवा तुटलेली मिळेल. हे पाहिलेले मूल माणसाला हातपाय धरून उचलणार नाही.

यानंतर नियम सांगावेत, आणि एका निरोगी विद्यार्थ्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली सराव करावा :

१. उंचावरून पडलेला, अपघातात सापडलेला किंवा ढिगाऱ्यातून काढलेला माणूस मान-पाठ दुखते म्हणत असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, हलवता येत नसेल, किंवा बेशुद्ध असेल, तर कण्याला इजा आहे असेच धरून चालावे.

२. त्याला बसवू नये, उभे करू नये, पाणी पाजण्यासाठी मान उचलू नये. 'हलू नका' असे सांगून एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. मान वळवून सरळ करण्याचा खटाटोप करू नये.

३. श्वास सर्वांत आधी. श्वास चालू नसेल किंवा गुदमरत असेल, तर कण्यापेक्षा श्वासाला महत्त्व द्यावे.

४. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शक्य तर ती येईपर्यंत हलवू नये.

५. हलवावेच लागले तर किमान चार जण हवेत. एक डोक्याशी, एक छातीशी, एक कमरेशी, एक पायांशी. हुकूम डोक्याशी असलेल्याचा. त्याने 'एक, दोन, तीन' म्हणताच सर्वांनी मिळून अंग लाकडाच्या ओंडक्यासारखे एकसंध कुशीवर वळवावे, पाठीमागे फळी किंवा काढलेले दार सरकवावे आणि तसेच परत लोळवावे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या घड्या ठेवून ते बांधावे.

६. आग, पुराचे पाणी किंवा पडणारी भिंत असा तातडीचा धोका असेल आणि माणसे कमी असतील, तर खांद्याखाली हात घालून, डोके दोन्ही कोपरांत आधारून, शरीराच्या रेषेतच मागे ओढावे. वाकवून किंवा तिरपे ओढू नये.

७. फळी ही फक्त वाहतुकीसाठी. कठीण फळीवर तासन्‌तास ठेवले तर शय्याव्रणाची सुरुवात तिथेच होते. म्हणून रुग्णालयात पोचताच ती काढावी, आणि किती वाजता ठेवले ते डॉक्टरांना सांगावे.

शेवटी

१९९३ नंतर त्या भागात घरे बदलली, आणि ते योग्यच झाले. कण्याच्या इजेवरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे माणसावर पडणार नाही असे छत. पण भूकंप रोज होत नाही. विहिरी, झाडे, इमारतींच्या पराती आणि मोटारसायकली रोजच्या आहेत. ३० सप्टेंबर हा दिवस शाळेत आठवणीसाठी पाळला जात असेल, तर त्या दिवशी एक तास या सरावाला द्यावा. एका वर्गातील चाळीस मुलांपैकी एखाद्यावर कधीतरी रस्त्यात थांबण्याची वेळ येईल. तेव्हा भोवती जमलेली माणसे जखमीला बसवायला धावतील. त्या गर्दीत 'थांबा, बसवू नका, डोके धरा' एवढे म्हणणारे एक जण तरी असावे, यासाठी हा तास.